शेजारणीच्या ओट्यावरचा फोटो

घरकुलाचं काही विचारायचं असलं तर जाफराबादच्या बाजारतळामागं सकाळी नळावर जायचं. कचेरीतला बाबू ‘उद्या या’ म्हणतो. जयवंताबाई हंडा भरता भरता सांगून मोकळी.

जागा नावावर न्हाई, मंग घरकुल मिळतं का?

“न्हाई. आधी सासऱ्याच्या नावावरून उतरून घे.”

नळाला पाणी न्हाई, तरी पट्टी भरायची का?

“भर, अन् पावती घेऊन भांड. बिगर पावतीचं भांडण म्हंजी बिगर दाताचं कुत्रं.”

शाळा तिनं पाहिली नव्हती. मेंढरांमागं वाढली, पुढं जिनिंगात कापूस उचलला, नवरा गेल्यावर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून शहाणी झाली. त्या शहाणपणाचा तोरा काही लपवायची नाही. तेच कुणी दुसऱ्यांदा विचारलं की अंगावर यायची. साळूबाई एकदा म्हणाली, “अर्जाच्या फोटोत आमचं फाटकं घर दिसंल, लाज वाटून राह्यली गं आक्का.” तर बाईनं तिला सगळ्यांसमोर झापलं. “लाज वाटती तर ऱ्हा फाटक्यात. सरकारला काय महाल दाखवून घर मागतीस?” बाया हसल्या. साळूबाई हंडा उचलून चालती झाली.

जयवंताबाईच्या स्वतःच्या घरात मात्र कुणाचं पाऊल पडलेलं नव्हतं. पाहुणा आला की ती त्याला शेजारच्या अंबरीनच्या ओट्यावर बसवायची. लेक शिवकन्येला बघायला आलेली माणसंही तिथंच बसली, पोहेही तिथंच खाल्ले, सोयरीकही तिथंच ठरली. गल्लीची रीतच ती. ज्याचा ओटा पक्का, त्याच्याकडं सगळ्यांचे पाहुणे. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं.

मग तिचाच अर्ज वर आला, अन् घराचा फोटो काढायला कचेरीचा इंजिनियर आला. सुमित त्याचं नाव. कोवळं पोरगं, कडक इस्त्रीचा शर्ट. मोबाईल काढून म्हणाला, “मावशी, सध्या राहता त्या घरासमोर उभं राहा.”

तिच्या पत्र्यांना आतून गोणपाट लावलेलं, दाराच्या जागी जुनी चादर. ती वाऱ्यानं हलली, अन् बाईला कळायच्या आत तिचे पाय अंबरीनच्या ओट्यावर चढले. पाठीशी टाईल्सची भिंत. पदर सारखा करून म्हणाली, “काढा.”

अंबरीन माहेरी गेल्ती, न्हाईतर तिनं तिथंच हटकलं असतं.

अर्ज नामंजूर झाला. कारण काय, तर राहतं घर पक्कं आहे.

त्यानंतर जयवंताबाई नळावर जाईना. अंबरीनच तिचा हंडा भरून आणायची. सगळं कळल्यावर ती म्हणाली, “मौसी, मेहमान आया तो मेरा ओटा तुमाराच हय. पर सरकार मेहमान हय क्या?”

“सांगू कशी गं त्या पोराला? बाया मला विचारायला येत्यात, अन् मीच...”

“तो मत सांगो. रहो पत्रे में.”

शेवटी जयवंताबाई कचेरीत गेली. एरवी तिचा आवाज फाटकापासून ऐकू यायचा. त्या दिवशी ती रांगेत गुमान उभी राहिली. सुमितच्या टेबलाशी वाकून पुटपुटली, “ते घर माझं नव्हतं, साहेब.”

“काय? मोठ्यानं बोला, मावशी.”

“माझं घर बाजूचं. चादरीचं.”

“मग तिथं का नाही उभं राहिलात?”

मागं रांगेत साळूबाई होती. जयवंताबाईनं तिला येतानाच पाहिलं होतं. खोटं बोलायलाच तिनं तोंड उघडलं होतं.

“लाज वाटली,” ती म्हणाली.

साळूबाईनं दुसरीकडं पाहिलं. ती हसली असती, तर बाईला भांडता तरी आलं असतं.

सुमित पुन्हा फोटोला आला, तेव्हा गल्ली दारात उभी होती. “मावशी, चादर बाजूला करा, आतलं दिसू द्या.” तिनं ती स्वतःच्या हातानं धरून ठेवली. चूल, गोणपाट, छपराला लावलेलं प्लास्टिक, सगळं उन्हात उघडं पडलं. साळूबाई म्हणाली, “मान वर कर, आक्का. तोंड न्हाई आलं तर पुन्हा खोडतेत.”

टोमणा होता की माया, हे बाईला कळलं नाही. तिनं मान वर केली.

“झालं. आता अडचण नाही, फाईल पाठवतो,” सुमित म्हणाला. “बघता का, कसा आलाय?”

“न्हाई,” असं म्हणून तिनं हातातली चादर सोडली.