पाणी दाखवा, सबसिडी घ्या

लाख वाती वळायचा नेम घेतला की हात गुंततात, तोंड मात्र मोकळं राहतं. आमचं गाव कळसाडी, कापसाचं. वातींना तोटा नाही आणि किश्श्यांनाही नाही. एक वात वळून होईस्तोवर दुसरा किस्सा तयार! त्यातून आमचे हे ग्रामसेवक. साठ सालच्या आसपासची गोष्ट. शेतकऱ्याला सबसिडी मिळू लागली होती आणि तिचं ऑफिस म्हणजे आमचीच ओसरी!

शेजारच्या जमनाकाकींनी पाटल्या मोडून विहीर काढायला घेतली होती. धुळ्याच्या साहेबांनी स्वतः पाणी पाहिलं की सबसिडीचा शेवटचा हप्ता मिळणार, त्यातून आतलं दगडी बांधकाम होणार. ते पावसाआधी झालं नाही, तर काठ ढासळून पाटल्याही गेल्या आणि विहीरही!

*

सुरुवात जागेपासूनच झाली. साहेबांनी जागा ठरवून खुंटी ठोकली. काकींसाठी पाणी शोधणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ मात्र दहा पावलं पलीकडे उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पाहते तो खुंटी नारळाच्या जागेवर!

हे चिडले. "काकी, खुंटी कोणी हलवली?"

काकी शांतपणे म्हणाल्या, "सरकारनी खुंटी, देवनी मरजी!"

*

कंपोस्टच्या खड्ड्यालाही सबसिडी होती. दिवाळीच्या पाडव्याला आम्ही बायकांनी त्याची पूजा केली, दिवा लावला. मग त्यातलं खत उचलायला कोणी धजेना! साहेब म्हणाले, "खत शेतात पडल्याशिवाय पैसे नाहीत."

"देव उठाडाना म्हंजे वाजा लागी ना!" काकी म्हणाल्या.

शेवटी देव उठवायला वाजंत्री आली आणि खताची गाडी ढोल-सनईच्या गजरात शेतात गेली. पुढे हे, मागे साहेब, दोघांच्या कपाळाला कुंकू!

*

साहेब तपासणीला तीनदा आले. एकदा एकादशी, एकदा चतुर्थी, एकदा प्रदोष. तिन्ही वेळा मी पानात भगर आणि रताळी वाढली. तिसऱ्यांदा साहेबांनी काळजीनं विचारलं, "तुमच्या गावात ज्वारी पिकत नाही का हो?"

हे म्हणाले, "पिकते साहेब, पण तिथी बघून!"

*

फवारणीचा पंप अर्ध्या किमतीत मिळाला. कोरा करकरीत! त्यात औषध पडण्याआधी काकींनी सत्यनारायण घातला आणि गर्दी पाहून पंपात गंगाजल भरून साऱ्या गावावर फवारलं. साहेबांच्या फॉर्मात रकाना होता, 'पंप कोणत्या रोगावर वापरला?'

काकी म्हणाल्या, "लिखा, पापवर!"

*

आणि तो वैशाखातला सोमवार! विहिरीला पाणी लागून दोन दिवस झाले होते. काकींचे यजमान दगडूकाका लग्नाला सारंगखेड्याला, हे मीटिंगला शहाद्याला, आणि साहेबांची जीप न कळवता दारात! हप्ता हातात पडेपर्यंत दर सोमवारी सूर्यास्तापर्यंत मौन, असा काकींचा नवस होता. सोबत म्हणून मीही धरलेलं.

"ग्रामसेवक कुठे आहेत?" मी शहाद्याच्या रस्त्याकडे बोट केलं. "विहीर कुठे आहे?" मी शेताकडे बोट केलं. साहेबांना वाटलं असेल, या गावाला वाचाच नाही!

मी साहेबांना विहिरीवर नेलं, काकी तिथेच होत्या. विहीर खोल, आत अंधार. साहेब वाकून म्हणाले, "काही दिसत नाही. बाई, पाणी लागलं का?"

काकींनी हात जोडले आणि आभाळाकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. देवानं भरभरून दिलं, असं त्यांना सांगायचं होतं. साहेबांनी उसासा टाकला, पेन काढलं आणि लिहिलं, 'पाणी नाही. देवावर भरवसा.'

मी ते वाचलं आणि तोंडात पदर कोंबला! साहेबांच्या कागदाकडे बोट दाखवून काकींना हातानं "नाही, नाही" अशी खूण केली. त्या समजल्या. पोहरा सोडला, भरून ओढला आणि दारी आलेल्या पाहुण्याचे पाय धुवावेत तसा साहेबांच्या पायांवर रिकामा केला. बुटांसकट!

"अहो बाई!"

दुसरा पोहरा. साहेब काठावरच्या दगडावर बसले. तिसरा पोहरा वर आला तोवर त्यांनी स्वतःच बूट-मोजे काढून ठेवले होते आणि ओंजळ पुढे केली होती.

ओंजळभर प्याले. मग ओल्या हातानं आधीची ओळ खोडून नवा शेरा लिहिला, 'पाणी आहे. गोड आहे.'