भालेराव सरांचा उद्योग

दर रविवारी दहाच्या सुमाराला भालेराव सरांचा फोन यायचा. ‘हॅलो’ नाही, ‘कशी आहेस’ नाही, थेट विचारायचे, “काय गं सुरेखा, काय उद्योग?” गेल्या महिन्यात त्यांचं नाव मोबाईलवर मंगळवारीच उमटलं. नसरापूरच्या माझ्या वर्कशॉपात लेथ मशीन चालू होतं, हात तेलानं माखलेले होते, तरी हसतच फोन घेतला आणि म्हटलं, “आज वार चुकला वाटतं, सर?” पलीकडे सरांच्या पत्नी, आमच्या काकू होत्या. “हे गेले गं पोरी…” एवढंच बोलल्या. मशीन बंद करायचंही मला बराच वेळ सुचलं नाही.

सर भोरच्या आयटीआयत फिटरच्या वर्गाला शिकवायचे. बावीस वर्षांपूर्वी त्या वर्गात मुलगी म्हणून मी एकटी. वेल्ह्याच्या घरातून भांडून आलेली, भोरला मावशीकडे राहणारी. पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर ‘उद्योग’ असा शब्द लिहिला. “उद् म्हणजे वर, आन् योग म्हणजे जोडणं, जुंपणं. उठायचं आन् सोताला कामाला जुंपायचं, त्यो उद्योग. इंग्रजीतली इंडस्ट्रीसुदिक आधी माणसाच्या मेहनतीलाच म्हणायचे. कारखाना त्यात लई उशिरा शिरला.” आम्ही मोठमोठी यंत्रं बघायला आलेलो, आणि हातात पडला लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा आणि एक कानस. तुकडा सगळ्या बाजूंनी घासून सपाट आणि काटकोनात आणायचा. मग त्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पोलादी पट्टी, लावून खिडकीकडे धरायचा. पट्टी आणि लोखंड यांच्यामधून उजेड दिसला की काम नापास. तीन आठवडे मी घासत होते. तळहाताला फोड आले, फुटले, परत आले. सर लांबूनच बघायचे आणि म्हणायचे, “उजेड हाय.” त्या दोन शब्दांचा मला इतका राग यायचा की काय सांगू!

शेवटी मी लबाडी केली. शेजारच्या वर्गातल्या एकाला गळ घालून तो तुकडा ग्राइंडिंग मशीनवर गुळगुळीत करून आणला. सरांनी गुण्या लावला, खिडकीकडे धरला, बराच वेळ बघत राहिले. “कुठनंच उजेड येत न्हाई. एवढं बरोबर माणसाच्या हातनं व्हत न्हाई, सुरेखा. ह्यात तुझं काम कुठंय?” आवाज चढला नव्हता, पण सगळा वर्ग ऐकत होता. मी त्याच दुपारी एसटी पकडून वेल्ह्याला गेले आणि आईला सांगितलं, झालं शिक्षण, उद्यापासून शिवणक्लासला जाते. आईला तेच हवं होतं.

रविवारी सकाळी बघते तर सर आमच्या ओट्यावर. नसरापूरला गाडी बदलून आलेले, मांडीवर कापडी पिशवी. आईनं चहा दिला आणि तोंडावर सांगितलं, “सर, पोरीच्या जातीला हे नसते उद्योग कशाला?” मला वाटलं, आता वर्गातल्यासारखी शब्दाची फोड करून सांगणार. सर म्हणाले, “आक्का, तुमी पाटंपासनं किती येळ बसला?” आई हसली. “बसायला कुठं व्हतंय?” “मग ह्या घरात उद्योग तुमीच आणला की. ती तुमचीच पोरगी हाय.” सरांनी पिशवीतून एक नवा, गंजका तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. “सोमवारी ये,” म्हणाले, आणि चहा संपवून परतीच्या गाडीला गेले. झाल्या प्रकाराबद्दल आईला एक अक्षर सांगितलं नाही. मी सोमवारी गेले. महिन्याभरानं सरांनी माझ्या तुकड्यावर, काम पास झाल्याची खूण म्हणून, माझा हजेरीचा नंबर ठोकला, तेव्हा मी मावशीकडे जाऊन ढसाढसा रडले.

सर फार गोड माणूस होते असं नव्हे. हट्टी होते. निवृत्त झाल्यावर घरातला एकही पंखा, कुकर, कुलूप त्यांनी धड राहू दिलं नाही. काकू मला फोनवर सांगायच्या, “तुझ्या सरांचे उद्योग निस्तरता निस्तरता मी म्हातारी झाले.” माझ्या वर्कशॉपच्या उद्घाटनाला आले, पाटीवरचं ‘लघुउद्योग’ वाचलं आणि म्हणाले, “लघु ते तुमच्या कागदावर. काम मोठं कर.” पाहुण्यांसमोर मला म्हणजे अगदी ओशाळं झालं, आणि आनंदही झाला.

सरांच्या पुण्यानुमोदनाला, त्यांच्या आठवणीच्या कार्यक्रमाला, मी भोरला गेले. जेवणं झाल्यावर काकूंनी कपाटातून एक फडक्याची पुरचुंडी काढून दिली. आत त्यांचा गुण्या आणि माझा तो नंबर ठोकलेला तुकडा, तेल लावून ठेवलेला. “दर रविवारी तुला फोन लावायच्या आधी टेबलावर काढून ठेवायचे,” काकू म्हणाल्या. मी पुरचुंडी परत बांधून घेतली.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉप उघडल्यावर मी तुकड्याला गुण्या लावला आणि दाराकडे धरला. एका कोपऱ्यात उजेड दिसत होता. केसभर, पण स्वच्छ. बाकीच्यांच्या नजरेतून सुटला असता, सरांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. त्यांना तो दिसला होता, आणि तरी त्यांनी नंबर ठोकला होता. तेवढा कोपरा आता मी पाच मिनिटांत बरोबर करू शकते. सवयीनं कानस हातात घेतली… आणि परत खुंटीला लावली.