भूत काही हलेना

कॉलेजात आम्हाला अभ्यासाला एक जुनी इंग्रजी गोष्ट होती. एक कंजूष शेठ असतो. त्याचा मेलेला भागीदार भूत होऊन येतो, मागोमाग आणखी तीन भुतं येतात आणि सकाळपर्यंत शेठ सुधारतो. नोकराचं आजारी पोर वाचतं, सगळे पोटभर जेवतात. वर्गातल्या मुली डोळे पुसायच्या आणि मला राग यायचा. गरिबाचं पोर जगणार की नाही, हे मालकाला भूत दिसतं की नाही यावर ठरायचं, हा कुठला न्याय? मी परीक्षेत तसंच लिहिलं. मार्क बेताचेच पडले.

पुढे मी दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये ऑफिसच्या कामाला लागले. बाहेर मार्चचं ऊन आणि आत थंडगार हॉल. बायका स्वेटर घालून, डोक्याला जाळीची टोपी लावून, कात्रीने घड साफ करतात आणि डब्यांत भरतात. माल परदेशी जातो, म्हणून लहान मुलांना आत सोडत नाहीत. नियम बरोबर आहे. पण मग मुलांनी बसायचं कुठे? तर गेटपाशी, ताडपत्रीच्या सावलीत.

त्या बायकांत एक सुरगाण्याकडची होती. तिची चार वर्षांची मुलगी एकदा शेळीच्या मागे थेट रस्त्यावर गेली. ट्रॅक्टरवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचली. तेव्हापासून आईचं कामात चित्त लागेना. "हा आठवडा बघते, ताई," ती मला म्हणाली. "नाय सोय झाली तर पोरीला घेऊन घरी जाते." घरी जाऊन काय करणार, ते मी विचारलं नाही. उन्हाळ्यात तिकडे काम नसतं, हे मलाही ठाऊक होतं.

गेटला लागून एक खोली होती. आमच्या शेठच्या भागीदारांची केबिन. ते आदल्या वर्षी वारले आणि तेव्हापासून तिला कुलूप होतं. बायकांनी ती मुलांसाठी मागितली. शेठ तसे वाईट नाहीत, पण त्या खोलीचा विषय निघाला की ते फोन कानाला लावायचे. "सीझन संपू द्या, मग बघू," म्हणाले. सीझन संपल्यावर त्या खोलीत काय कांदे भरायचे होते?

त्याच आठवड्यात महिला दिन आला. आमच्याकडे त्या दिवशी दुपारी कार्यक्रम असतो. हळदीकुंकू, संगीत खुर्ची आणि शेठच्या हस्ते प्रत्येकीला स्टीलचा डबा. यंदा नाटक करू, असं मी म्हटलं आणि हीच गोष्ट काढली. योगायोग वगैरे काही नाही, मुद्दामच काढली.

भुताचं काम एका दणकट मावशींनी हट्टाने मागून घेतलं. तोंडाला तांदळाचं पीठ, अंगभर क्रेटवरच्या निळ्या पट्ट्यांची साखळी आणि तिला बांधलेले दोन रिकामे क्रेट. मी झाले शेठ. खरे शेठ पहिल्या रांगेत, खुर्चीवर.

मावशी खडखडाट करत आल्या आणि मी लिहून दिलेलं वाक्य म्हणाल्या, "मेलो, तरी मला शांती नाही!" इथे सगळ्यांनी घाबरायचं, असा माझा हिशेब होता. पण आमच्या बायका कसल्या घाबरतात! या सगळ्या रामकुंडावर दहाव्याला उभ्या राहिलेल्या. पिंडाला कावळा शिवत नसेल तर मेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली आहे, आणि घरच्यांनी हात जोडून एकेक शब्द द्यायचा असतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको. मागच्या रांगेतली एक जण उठली आणि भुताला म्हणाली, "बाबा, तुझ्या म्हाताऱ्या आईला आम्ही सांभाळू. जा आता."

नाटकात म्हातारी आई नव्हतीच. मी डोळे वटारले, पण मावशी माझ्या वरचढ निघाल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मान हलवली. नाही.

"पोरीचं लगीन लावून देऊ!"

नाही.

"छाटणी येळेवर करू!"

नाही.

"अगं, बिडी ठेवा त्याच्यापुढं!"

हॉलमध्ये हसून हसून बायकांच्या टोप्या सुटल्या. शेठही हसत होते. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आपल्या बोलण्यानं कसं हलंल ते? भागीदार कुणाचा हाय? शेठ, तुम्ही बोला ना."

हशा एकदम थांबला. आता नोकरी गेली, असंच मला वाटलं. शेठ उठले. त्यांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, हात जोडले आणि पिठाने माखलेल्या मावशींकडे बघत अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुझी खोली पोरांना देतो रे."

मावशी जागच्या हलल्या नाहीत. "कधी?" भुताने विचारलं.

"उद्या."

मान हलली. नाही.

"बरं बाबा, आत्ता."

"आन् पंखा?"

"पंखा पण."

"आन् पोरांकडं बघायला बाई?"

शेठचे डोळे भरले होते, तरी त्यांना हसू फुटलं. "बाई पण ठेवतो. आता तरी जा!"

मावशींनी दोन्ही हात पसरले आणि "काव काव" करत, क्रेट फरफटत निघून गेल्या. टाळ्या थांबेनात. बाकीची तीन भुतं मेकअप करून पडद्यामागे उभी होती, त्यांच्या वाट्याला नाटक आलंच नाही. त्यांना मी खोली झाडायला पाठवलं.

इंग्रजी गोष्टीतला शेठ आपल्या खोलीत एकटाच सुधारतो. उद्या त्याचं मन फिरलं तर विचारणार कोण? आमच्या शेठनी सगळ्या हॉलसमोर शब्द दिला, तोही गेलेल्या माणसाला. माझ्या मते परीक्षेतलं माझं उत्तर बायकांनी पूर्ण केलं. मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की मी डबा घ्यायलाच विसरले.

कार्यक्रमानंतर पुन्हा काम होतंच, सीझनला कुठली सुट्टी! सुरगाण्याची ती आई मात्र खोलीच्या दारातून हलेना. आत तिची लेक फरशीवर पालथी पडून ऑफिसातून आणलेल्या पंख्याची हवा खात होती. "राहशील ना गं इथं? रडणार नाय ना?" आईने तिसऱ्यांदा विचारलं. पोरीने मानसुद्धा वर केली नाही.

"तू जा ना कामाला," ती म्हणाली. "मी हाय इथं."