अक्काच्या परसातलं कर्टुलं

सुरतेतल्या डिंडोलीहून भाऊजींचा फोन आला तेव्हा मी गावातल्या दुकानाच्या ओट्यावर गप्पा हाणत बसलो होतो. "अक्का तापानं गेली," एवढंच ते बोलले.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्काला माहेरी न्यायला जाणारा मुराळी मी. असा मुराळी खानदेशात दुसरा नसेल, कारण दर वर्षी पुरणपोळी हाणून मी एकटाच परतायचो. सासू लकव्यानं अंथरुणाला खिळलेली, भाऊजी पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या डाइंगमध्ये बारा तास. अक्का निघणार कशी? मग तिनं माहेरच्या शेताचा बांधच परसात आणला. तरवड, गावठी बोर, रुई. शेजारच्या बेन हसायच्या, "आ शुं जंगल ऊभुं कर्युं छे?"

कर्टुल्याचे कंद आणायचं काम माझं. आखाजीला वेल वाळून गेलेले असतात, आणि फुलल्याशिवाय कंद नर की मादी ते कळत नाही. मी आणलेले सगळे नर निघाले. अक्का मलाच त्यांच्या पंगतीत बसवून म्हणाली, "तुनामायकच शेतस. फुलतस, पन फय धरतस नहीत."

चिडून मी पावसात फळ धरलेल्या वेलाला खूण म्हणून लाल चिंधी बांधून आलो. पुढच्या आखाजीला पाहतो तर वेल वाळून नाहीसा, चिंधी उडून बाभळीवर फडफडतेय. हे ऐकून अक्का पोट धरधरून हसली. मग गंभीर झाली. "सरावनमा मीच येसू. वेल देखीसन कंद काढसू." आठ दिवस सासूपाशी राहायला तिनं लगेच नणंदेला फोनवर विचारलं. नणंदेला जमणार नव्हतं. खाटेवरून सासूचा आवाज आला, "मंग माले कोन देखी?" अक्का भाकरी थापायला उठली.

अक्का गेल्यानंतरच्या श्रावणात मी फळासकट वेल कंदापासून उकरला, ओल्या गोणपाटात गुंडाळून डिंडोलीला नेला. दार नणंदेनं उघडलं. दहाव्यापासून ती इथंच राहतेय.

परसात गेलो. सासूच्या खाटेपासून साडीच्या काठांची एक दोरी बोरीपर्यंत ताणलेली. टोकाला पत्र्याचा डबा. परसात असलेल्या अक्काला हाक मारायची ही सोय. नर वेल दोरीभर चढून पिवळे फुललेले. मी मादी वेल खाली टेकवला, तेवढ्यात दोरी हलली, फुलं थरथरली, डबा वाजला.

नणंद आत धावली. "काय व माय?"

"तुले नही," म्हातारी म्हणाली, आणि पुन्हा दोरी ओढली.