तिसऱ्या दिवशीचं अंथरूण

कौतिक, तुझ्याबद्दल लिहितेय म्हटल्यावर तू म्हणालीस, "ताई, तेवढं त्या नागपूरच्या वर्षाचं भांडण गाळा." गाळणार नाही. भांडण गाळलं तर तुझ्यात उरतं काय? आमच्या शनवारा मोहल्ल्यात अजून लोक तुला बघून दार लोटून घेतात आणि तू त्याच दारापुढं उभी राहून पदरानं घाम पुसतेस. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना पहिल्यापासून सांगायला हवं. तोवर तू गप्प बस.

तर कौतिकबाई राहते सिंधीपुऱ्यात. नवरा पॉवरलूमवर होता, तो गेला, लेक सासरी, ही डबे करून पोट भरते. डबे पोचले की दुपार मोकळी. लालबागच्या रस्त्याला भूपेंद्र नावाच्या एका तरुणानं जखमी जनावरांसाठी पत्र्याची शेड घातलीय. एका हिवाळ्यात ही उरल्या पोळ्या घेऊन तिथं गेली, तर गाडीखाली सापडलेली कुत्री उघड्या फरशीवर कुडकुडत होती. आणि आदल्याच दिवशी तिनं तापीच्या काठी कुणीतरी टाकलेली चांगली कापसाची गादी पाहिली होती.

आपल्याकडे माणूस गेला की त्याचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. तिसऱ्या दिवशी राख सावडली की ते नदीकाठी जातं. जिवंत माणूस त्यावर निजत नाही. पण कुत्र्याला कसली आलीय भीती? झालं! तेव्हापासून तिसऱ्या दिवशी हातगाडी घेऊन कौतिकबाई मयताच्या दारात.

लोक बोलायचेच. "कावळा शिवायच्या आधी ही शिवते!" राजपुऱ्यातल्या एका म्हातारीनं तर ओट्यावरून विचारलं, "काय वं, माझी गादी हेरून ठेवली का?"

"तुमची नको मावशी, पार दबलीय. आधी पिंजून घ्या, मग बघू."

म्हातारी खो खो हसली आणि घरातली दोन जुनी पोती तिच्या गाडीवर टाकली. असं करत करत गाव सरावलं. कौतिकबाईचा नियम एकच, दिलेलं कुणी परत मागायचं नाही. एकानं मागितलं की चार घरं हात आखडतात, हे ती ओळखून होती.

मागच्या वर्षी थंडीत भास्करराव गेले. कागद कारखान्यातून निवृत्त होऊन ते राजपुऱ्यात येऊन राहिले होते. त्यांच्या मुलानं, ललितनं, गादी दिली आणि वर पांघरायची गोधडीही टाकली. पाचव्या दिवशी लेक वर्षा नागपूरहून पोचली. तिकडे सासूचं ऑपरेशन होतं, आधी निघता आलं नव्हतं. आल्या आल्या तिनं विचारलं, "आईची गोधडी कुठंय?" आई आधीच गेलेली. तिच्या लुगड्यांची, तिच्याच हातची ती गोधडी.

"कौतिकबाईला दिली," ललित म्हणाला. "कुत्र्यांना."

वर्षा तशीच सिंधीपुऱ्यात. "बाई, तुम्ही घेतलीत कशी? मला विचारलं कुणी?"

"घरातल्यांनी दिली, मी घेतली."

"मी घरातली नाही?"

कौतिकबाईचा स्वतःचा बाप गेला तेव्हा तीही उशिराच पोचली होती, आणि बापाचं घोंगडं कुठं गेलं हे तिला आजतागायत कुणी सांगितलं नाही. तिनं नियम गुंडाळून ठेवला आणि वर्षाला घेऊन शेडवर गेली.

गोधडी कोपऱ्यात होती. तिच्यावर मोडक्या पायाची एक कुत्री पहाटेच व्याली होती. वर्षा वाकली तशी कुत्री गुरगुरली.

"हाथ मत लगाओ, दीदी," भूपेंद्र म्हणाला. "हटाई तो पिल्ले ठंड से मर जाएँगे."

वर्षा खाली बसली. बराच वेळ लुगड्याच्या काठाचं एक टोक चिमटीत धरून रडली. मग नाक पुसून म्हणाली, "राहू द्या. पण पिल्लं मोठी झाली की माझी मला द्यायची."

"मी स्वतः आणून देईन," कौतिकबाई म्हणाली.

तेव्हापासून हातगाडी दारात लावली की तिचा पहिला प्रश्न, "लेक आली का?" नसेल आली तर गाडी रिकामी परत. लोकांना हा प्रश्न गादी मागण्याहून जास्त झोंबतो.

आता आपल्या दोघींचं बोलू, कौतिक. पिल्लं मोठी झाली, गोधडी धुऊन झाली; ती नागपूरला पार्सलनं पाठवायची नाही, वर्षाच्या हातात द्यायची आणि मी सोबत यायचं, असं तूच ठरवलंस. पहिल्यांदा तिकिटं काढली त्या दिवशी तुझ्या शेजारी मयत झालं. दुसऱ्यांदा मी स्टेशनवर उभी, आणि तू आलीस रिकाम्या हातांनी.

"गोधडी?"

"रात्री एक म्हातारं कुत्रं आणलं, ताई. लई थरथरत होतं. धुतलेली तेवढीच होती."

"वर्षाला काय सांगू आता?"

"तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा."

मी फोन करून जे होतं ते सांगितलं. वर्षा म्हणाली, "गोधडी नसली तरी तुम्ही दोघी या."

तुला निरोप दिला. तू म्हणालीस, "रिकाम्या हातानं कसं जायचं?" आणि आपण अजून गेलेलो नाही.