घरच्या माणसाला आमंत्रण

आई गेली त्या सकाळी तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर बातमी टाकायचं काम माझ्याकडे आलं. फोन तिचाच, त्यामुळे आधी ‘मी शुभदाची मुलगी’ असं लिहावं लागलं. भराभर उत्तरं आली. रेहानामावशीचं मात्र आलं नाही. तिला वेगळा फोन करावा असं मनात होतं... पण काय बोलायचं ते सुचेना आणि मी फोन बाजूला ठेवला.

कर्जतच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला या दोघी एका टेबलावर असायच्या. चौक गावाहून येणाऱ्या रेहानाची एसटी चुकली की ती आईकडेच राहायची. आईचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्या वर्गाला पत्रिका गेल्या, फक्त रेहानाला गेली नाही. घरच्या माणसाला आमंत्रण कसलं, असं आईला वाटलं. मेंदीच्या दिवशी ती रेहानाची वाट बघत राहिली, दुसऱ्या दिवशी मांडवातही. तिकडे रेहाना नवा ड्रेस शिवून बोलावण्याची वाट बघत होती. तिच्या घरात कुणीतरी म्हणालं, “आपल्याला कशाला बोलावतील?” तिला ते खरं वाटलं. आईचं म्हणणं पुढे तिच्या कानावर गेलं, पण तोवर उशीर झाला होता. लग्नानंतर इतकी वर्षं दोघी बोलल्या नव्हत्या.

यंदा कळंबला त्यांच्या वर्गाचं गेट-टुगेदर ठरलं. आईच्या हृदयाची झडप बदलायची होती आणि ती ऑपरेशन पुढे ढकलत होती. “आधी कळंबला जाऊन येऊ,” एवढंच म्हणायची. मी गाडी चालवत होते. वाटभर ती नुसत्या साडीच्या निऱ्या सारख्या करत राहिली.

तिथे प्रत्येकाने उभं राहून आपल्या घरादाराविषयी, नोकरीविषयी सांगायचं होतं. ज्यांच्या फार्महाऊसवर आम्ही जमलो होतो ते प्रदीपकाका शेवटच्या वर्षाला नापास झाले होते. “सर म्हणायचे, तू म्हशी राख. राखल्या. त्याच म्हशींवर हे सगळं उभं हाय,” म्हणाले. सगळे हसले. मग रेहानामावशी उठली. रसायनीच्या कंपनीत लॅबमध्ये नोकरी केली, आता रिटायर झाले, मुलगा कुवेतला असतो, असं सांगून ती त्याच आवाजात म्हणाली, “आमचे मालक गेले, करोनात.” मावशीचा नवरा गेल्याचं आईला माहीत नव्हतं. तिच्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला.

जेवताना मावशी ताट घेऊन आमच्यासमोर येऊन बसली. “ही तुझी पोर? लग्नाची झाली की गं. हिच्या लग्नाची तरी पत्रिका देशील, का मी अजून घरचीच हाय?”



“तुझ्या मालकांचं मला कळलं नाही,” आई म्हणाली. “कळवलं असतंस तर आले असते गं.”

“कळवायला लागतं?”

मावशी खाली मान घालून जेवत राहिली. परतताना आई म्हणाली, “चौकला एकदा तिच्या घरी जाऊन बसते.” दर आठवड्याला ती हे म्हणायची, पण दोन पायऱ्या उतरल्या की तिला धाप लागायची. जाणं झालंच नाही.

आई गेली त्या सकाळी तिला न्यायची सगळी तयारी झाली होती. बाबांचे भाऊ, माझे काका, दारात उभे होते. “ऊन चढायला लागलंय. आता कुणाची वाट बघायची?” नातेवाइकांत मी कधी तोंड उघडत नाही. “थोडं थांबा,” मी म्हणाले. कुणासाठी, ते मला सांगता येत नव्हतं, कारण ती येईल याची मलाच खात्री नव्हती. काकांनी बाबांकडे बघितलं. मग घड्याळ बघितलं...

फाटकाशी रिक्षा थांबली. मावशी घरातल्याच चपलांवर आली होती. कुणाकडे न बघता ती आईच्या उशाशी बसली आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

“आले गं शुभा,” म्हणाली.

बऱ्याच वेळाने उठताना तिने माझा हात धरला. “फोन नाय केलास ते बरं केलंस.”

हल्ली ती मधूनच येते, न कळवता. आईच्या स्वयंपाकघरात शिरते, चहा टाकते, भाजीला फोडणी द्यायला घेते आणि फळीवरचे डबे एकेक करून उघडत आईवर करवादते, “जिरं कुठं ठेवलं हिनं? कधी नीट सांगून ठेवणार नाय.” जिऱ्याचा डबा कुठे आहे ते मला माहीत असतं. मी दारात उभी राहते आणि तिला शोधू देते.