अण्णाप्पाचा जादा रेडिएटर

मृत्यूपुढे सगळे वाद मिटतात, असं मी चाळीस वर्षांच्या विनोदी लेखनात निदान सहा मृत्युलेखांत गंभीरपणे लिहिलं आहे. मे महिन्याची दुपार आहे, वीज गेली आहे, आमरसाची झापड डोळ्यांवर उतरते आहे, आणि गेल्या दिवाळीत वारलेला अण्णाप्पा मगदूम माझ्या पलंगावर बसत म्हणतो, "पाय घे तिकडं."

मी घेतो. शाळेतल्या बाकापासूनची सवय आहे.

"झोपलास व्हय, जग्या? झोप. तुला काय काम हाय."

अण्णाप्पा म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातला मिस्त्री. उतारवयात काश्मीरकडच्या एका डोंगरावर, एका हॉटेलच्या स्नो-स्कूटरी सांभाळायला गेला. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे लांबलचक रबरी पट्टा, अशी ती बर्फावरची गाडी. तिच्या इंजिनाला गार ठेवायला त्याने जादा रेडिएटर बसवला. मी त्यावर 'बर्फात पंखा' नावाचा लेख लिहिला. फार गाजला.

"वाच," तो कात्रण पुढे करतो. उजव्या हाताला अंगठा आणि दोनच बोटं.

"राहू दे रे."

"वाच म्हंतो न्हवं."

मी वाचतो. 'आमचे मित्र यापुढे पेंग्विनांना टेबलफॅन वाटणार आहेत.' पुढच्या ओळीपर्यंत चादर पायाखाली टणक होते, निसरडी होते. कपाटाचा देवदार झालेला आहे. आम्ही उतारावर उभे आहोत आणि मी बनियनवर आहे.

"सीटखाली हात घाल."

चटका बसतो.

"ह्यो मूळचा कूलर. पट्टा फिरला की भुसभुशीत बर्फ उडून ह्येच्यावर बसतो, वितळतो, इंजिन गार. आता पाय आपट खाली."

आपटतो. फरशीसारखा आवाज येतो.

"दगड झालाय. काय उडणार? डोंबल? म्हणून पुढं रेडिएटर. हे इचारायला तुला किती येळ लागला असता?"

"एक फोन."

"मग?"

"विचारलं असतं तर लेख झाला नसता."

तो हसत नाही. जन्मभर माझ्या विनोदाला हा माणूस आधी हसायचा आणि मग अर्थ विचारायचा.

"कात्रण तूच धाडलंस," तो म्हणतो. "पाकिटावर 'वाच आणि हस' लिवलंवतंस. मालकानं इचारलं, क्या लिखा है. मीच हिंदीत सांगितलं त्येला. हसत हसत. माझ्या दोस्तानं लिवलंय म्हणून. मालक बी हसला. दुसऱ्या दिवशी म्हणतोय, मगदूम, वो निकाल दो, गेस्ट लोग हँसेंगे."

पुढचं मला माहीत आहे. सगळ्या गल्लीला माहीत आहे. दोन आठवड्यांनी तो चहावाल्याच्या अवघडलेल्या बायकोला गाडीमागे जोडलेल्या स्लेजवर, म्हणजे बिनचाकी घसरगाडीवर घालून खाली दवाखान्याकडे निघाला. निम्म्या वाटेत इंजिन तापून जाम झालं. उरलेली वाट त्याने दोर हाताला गुंडाळून स्लेज ओढली. बाई वाचली, मुलगी झाली. दोराखाली गारठून काळी पडलेली दोन बोटं गेली. मी मोसंबी घेऊन भेटायला गेलो होतो. लेखाचा विषय त्याने काढला नाही, म्हणून मीही काढला नाही.

"तेव्हा बोलायचंस की," मी चिडतो. मेलेल्या माणसावर चिडतो. "तीन वर्षं गप्प बसलास. चार शिव्या दिल्या असत्यास तर सुटलो असतो मी."

"म्हणूनच दिल्या न्हाईत."

आता आम्ही त्याच्या वर्कशॉपात आहोत. लेथवर बर्फ साचलेला आहे.

"लेख तुझा. चूक झाली म्हणून छापायचं तू. दर रविवारी पेपर उघडत हुतो, डाव्या हातानं. आलंच न्हाई. माझ्या मयताला आलेली माणसं 'बर्फातला पंखा गेला' म्हणाली आणि हसली. माझ्या लेकाला आजबी पंखेवाला म्हणत्यात."

"माझं सदर बंद झालंय, अण्णाप्पा."

"हात बंद झालाय का?"

तो त्या तीन बोटांनी माझ्या तळहातावर काहीतरी ठेवतो आणि माझी मूठ जोरात आवळतो. दुखतं. त्याला दुखवायचंच आहे.

वीज येते. डोक्यावरचा पंखा खडखडत सुरू होतो. मुठीत होज क्लिप आहे, रबरी पाइपावर आवळतात ती पत्र्याची कडी. इतकी गार, की तळहाताला चिकटली आहे. बाहेर बेचाळीस अंश आहे.

मी टेबलाशी बसतो आणि वही उघडतो. 'बर्फातसुद्धा इंजिन तापतं. अण्णाप्पा मगदूम यांचं बरोबर होतं. मी न विचारता लिहिलं, त्यांचा रेडिएटर काढला गेला, आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.' यात विनोद घालायला माझा हात दोनदा शिवशिवतो. मला त्या हाताचा संताप येतो.

कुमुद, माझी बायको, खांद्यावरून वाचते. पुन्हा वाचते.

"उद्या सकाळीच पेपरात नेऊन द्या," ती म्हणते. "नाही घेतलं, तर गल्लीच्या फळ्यावर मी लिहीन." मग माझ्या मुठीकडे बघते. "आणि ती क्लिप द्या इकडं. वॉशिंग मशीनचा पाइप आठवडाभर गळतोय."